वॉशिंग मशीनचा आवाज: आधी ऐकावे, मग उघडावे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी हे गाव कुडाळ शहराला लागूनच आहे. कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या ठाकर समाजाच्या परंपरागत कलांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले आहे. जिल्ह्याच्या या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात दोरीवरचा सुती कपडा दोन-दोन दिवस ओलसर राहतो आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. अशा घरात वॉशिंग मशीन ही चैन उरत नाही. मशीनने कपडा नीट पिळून दिला, तरच तो पडवीतल्या वाऱ्यावर वाळतो.

हेच मशीन एके दिवशी घरघरू लागते, पिळताना धडधडते, जागचे सरकते. बहुतेक घरांत त्यावर दोनच उपाय होतात. न्हाणीचे दार ओढून घेऊन आवाज कानाआड केला जातो, किंवा ‘जुने झाले’ असे म्हणून नव्याची चौकशी सुरू होते. दोन्हींत तोटा आहे. कानाआड केलेला आवाज वाढत जातो आणि अखेर ऐन श्रावणात मशीन बंद पडते. मग चादरी पिळण्याचे काम घरातील स्त्रियांच्या मनगटांवर येते. घाईने घेतलेल्या नव्या मशीनचा खर्च तर कित्येकदा खिशातून राहिलेल्या एखाद्या नाण्यामुळे झालेला असतो.

आवाज हे मशीनमधील बिघाडाचे पहिले आणि फुकट मिळणारे लक्षण होय. तो केव्हा येतो, कसा येतो आणि कशाने बदलतो एवढे लक्षपूर्वक ऐकले, तरी निम्मे निदान पाना हाती घेण्यापूर्वीच होते.

आवाजाचा रोजमेळ

व्यापारी घरात व्यवहार आठवणीवर सोडला जात नाही, तो रोजमेळात उतरतो. मशीनच्या आवाजासाठीही तीच शिस्त उपयोगी पडते. एका वहीत तारीख, मशीनचा टप्पा, आवाजाचा प्रकार आणि त्या वेळी आत काय होते, एवढ्या चार नोंदी आठवडाभर ठेवाव्यात.

कपडे धुण्याचे चार टप्पे असतात. पाणी भरणे, घुसळणे, पाणी काढून टाकणे आणि पिळणे. पाणी भरतानाच सूं किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दोष पाणी आत घेणाऱ्या झडपेकडे असतो. घुसळताना कटकट किंवा खडखड होत असेल, तर टबाच्या तळाशी असलेल्या चकतीकडे म्हणजे पल्सेटरकडे, किंवा ड्रममध्ये अडकलेल्या वस्तूकडे पाहावे. पाणी निघताना खरखर ऐकू आल्यास निचऱ्याचा पंप तपासावा. पिळतानाच धडधड होत असेल, तर तोल, पाय, टांगणी अथवा स्प्रिंगा यांचा विचार करावा. घुसळताना हलकी असलेली घरघर पिळण्याचा वेग वाढेल तशी चढत जाऊन गिरणीसारखी वाटू लागली, तर संशय बेअरिंगवर घ्यावा.

दुसरी कसोटी वजनाची. तोच टप्पा मशीन रिकामे ठेवून एकदा चालवावा. रिकाम्या मशीनमध्ये आवाज नाहीसा झाला, तर कारण बहुधा कपड्यांच्या मांडणीत किंवा तोलात आहे. रिकामे असतानाही तो तसाच राहिला, तर कारण यंत्राच्या अंगात आहे.

प्रत्येक आवाज हा दोष नसतो. पाण्याची झडप उघडताना व मिटताना येणारी ‘टक’, ड्रम थांबून उलट दिशेने फिरताना होणारा क्षणभराचा खंड, पाणी संपत आल्यावर पंपाची गुळगुळ आणि इन्व्हर्टर मोटर वेग घेताना येणारा बारीक सूर हे सगळे नेहमीचेच. मशीन नवे असतानाचा आवाज मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवला, तर पुढे तुलनेला पुरावा मिळतो.

हात लावण्यापूर्वी

पाणी आणि वीज एकाच ठिकाणी असलेले हे यंत्र आहे. म्हणून पुढची कोणतीही तपासणी करताना बटण बंद करणे पुरेसे समजू नये. प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढून नजरेसमोर ठेवावा. पाण्याचा नळ बंद करावा. जमीन पुसून कोरडी करावी आणि पायात रबरी चप्पल असावी.

मशीनच्या पत्र्याला हात लावताच कधी झिणझिण्या जाणवल्या, तर तेथेच थांबावे. अर्थिंग तुटल्याची किंवा आतील वायरचे आवरण गेल्याची ती खूण आहे आणि आवाजापेक्षा ती कितीतरी गंभीर आहे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जोडलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, या तीन गोष्टी दमट कोकणातील घरात असायलाच हव्यात. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खाली पडतो की नाही, हेही पाहावे.

सेमी ऑटोमॅटिक आणि वरून कपडे टाकायच्या अनेक मशीनमध्ये मोटरशेजारी डबीसारखा कपॅसिटर असतो. प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा साठा राहू शकतो. त्याला किंवा त्याच्या वायरींना घरच्या माणसाने हात लावू नये. मशीन हमीच्या मुदतीत असेल, तर मागचा पत्राही उघडू नये, कारण त्याने हमी संपण्याची शक्यता असते.

जमीन, पाय आणि कपड्यांचा तोल

निदानाची सुरुवात नेहमी बाहेरून करावी, कारण तेथे खर्च नसतो. कोकणातील जुन्या चिरेबंदी घरांत न्हाणीच्या आणि मागील पडवीच्या जमिनीला पाणी वाहून जावे म्हणून उतार दिलेला असतो. त्या उतारावर ठेवलेले मशीन तीन पायांवर उभे राहते आणि चौथा पाय पिळताना आपटतो. रिकाम्या मशीनचे समोरासमोरचे, म्हणजे तिरपे, दोन कोपरे आळीपाळीने दाबून पाहावेत. ते डुलले, तर पाय विषम आहेत. गवंड्याची पाणसळ वर ठेवून पुढून-मागून आणि डावी-उजवीकडे पातळी पाहावी. पाणसळ नसल्यास पाण्याने काठोकाठ भरलेली वाटीही उतार दाखवते. पाय फिरवून उंची जुळवावी आणि पायावरची नट वरच्या बाजूला मशीनच्या तळापर्यंत घट्ट आवळावी. ही नट सैल राहिली, तर जुळवलेली पातळी आठवड्याभरात पुन्हा बिघडते. चाकांचे हलके स्टँड किंवा लाकडी पाट खाली असेल, तर तो काढून एकदा चालवून पाहावे. रबरी पट्ट्या कंप शोषून घेतात, पण विषम जमिनीचा दोष झाकण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही.

समोरून दार असलेले मशीन नवे आणल्यावर किंवा घर बदलल्यावर एकदम उड्या मारू लागले, तर मागच्या बाजूचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले आहेत का, ते आधी पाहावे. वाटेत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात हे तीन-चार लांब बोल्ट बसवतात आणि मशीन चालू करण्यापूर्वी ते काढावेच लागतात. काढलेले बोल्ट जपून ठेवावेत, पुढच्या स्थलांतरात ते लागतात.

मग कपड्यांचा विचार. एकच जाड चादर, एकच गोधडी किंवा एकच पायपुसणे पिळायला टाकले, की ते ओले होऊन ड्रमच्या एका अंगाला बसते. याचे गणित पाहण्यासारखे आहे. ड्रमची त्रिज्या २५ सेंटीमीटर आणि फिरण्याचा वेग मिनिटाला १,००० फेरे धरला, तर एका बाजूला बसलेले १ किलोचे ओझे ड्रमला सुमारे २८० किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढते आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलते. वेग दुप्पट झाला, तर ती चौपट होते. म्हणून घुसळताना शांत असलेले मशीन पिळताना घर हादरवते. मोठ्या कपड्याबरोबर दोन-तीन टॉवेल टाकावेत, कपडे मोकळे करून सर्व बाजूंनी पसरावेत आणि ड्रम ठासून भरू नये.

सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या पिळण्याच्या टबात कपड्यांवर दाबून ठेवायची प्लास्टिकची जाळीदार चकती असते. कित्येक घरांत ती पहिल्याच वर्षी हरवते. तिच्याविना कपडा वर उसळून टबाच्या बाहेरच्या भिंतीला घासतो आणि धडधड सुरू होते. ही चकती वेगळी विकत मिळते. याशिवाय मागची निचऱ्याची नळी भिंतीवर आपटत नाही ना, तळाची उंदीर रोखणारी जाळी सैल नाही ना आणि मशीनच्या डोक्यावर ठेवलेला साबणाचा डबाच वाजत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

नाणी, टाचण्या आणि लाल माती

दुकानावरून आलेल्या सदऱ्याच्या खिशात सुटी नाणी, स्टेपलरच्या पिना आणि किल्ल्या असायच्याच. साडीची पिन, ब्लाउजचे हूक आणि मुलांच्या खिशातील गोट्या यांची त्यात भर पडते. ही बारीक वस्तू ड्रमच्या भोकातून किंवा कडेच्या फटीतून खाली उतरते आणि खडखडाट करते. ती वेळेवर निघाली नाही, तर पंपाचा पंखा तुटतो किंवा टबाला चीर जाते.

समोरून दार असलेल्या बहुतेक मशीनमध्ये खालच्या कोपऱ्यात लहान झाकणामागे पंपाची गाळणी असते. गरम पाण्यावर धुतले असेल, तर पाणी निवू द्यावे. झाकणाखाली पसरट ताट आणि जुना कपडा ठेवावा. शेजारी बारीक नळी असल्यास तिचे बूच काढून आधी पाणी सोडावे. नंतर गाळणीची मूठ घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवावी, एकदम काढल्यास पाण्याचा लोंढा येतो. गाळणीतील तंतू, केस आणि नाणी काढून ती धुवावी. आतील पोकळीत विजेरीचा प्रकाश टाकून पंपाचा पंखा लाकडी काडीने हलवून पाहावा. अनेक पंपांत तो चुंबकामुळे थोडा अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. तो दोष नव्हे. पंखा जागचा हलतच नसेल किंवा त्याचे पाते तुटले असेल, तर पंप बदलावा लागतो. गाळणी परत घट्ट बसवून एकदा पाणी भरून निचरा करावा आणि थेंब गळत नाही याची खात्री करावी.

वरून कपडे टाकायच्या आणि सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये नाणी पल्सेटरच्या खाली दडतात. टब रिकामा करून मधली टोपी आणि तिच्याखालचा स्क्रू काढावा. चकती घट्ट बसली असेल, तर तिच्या दोन समोरासमोरच्या कडांखालून मजबूत दोरी घालून दोन्ही टोके एकदम सरळ वर ओढावीत. स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्यास प्लास्टिकची कड तुटते. चकतीखाली जमलेली माती, साबणाचा थर आणि नाणी काढून जागा धुवावी. चकतीच्या मध्यभागी दांड्यावर बसणारे दाते असतात. ते झिजून गुळगुळीत झाले असतील, तर घुसळताना कटकट येत राहते. नवीन चकती बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे, मात्र मॉडेलचा क्रमांक सांगूनच ती आणावी.

कोकणातील लाल माती हा या भागापुरता वेगळा प्रश्न आहे. भातलावणीच्या दिवसांत शेतावरून आलेले चिखलाचे कपडे थेट मशीनमध्ये टाकले, की बारीक वाळू तळाशी आणि पंपात साठते आणि सीलच्या रबरावर घासत राहते. असे कपडे आधी बादलीत खळबळून घ्यावेत. पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि नळी जेथे मशीनला जोडली जाते तेथील बारीक जाळी गाळाने तुंबते. पाणी भरताना येणारी शिट्टी पुष्कळदा तिचीच असते. नळ बंद करून नळी सोडवावी, जाळी पकडीने अलगद ओढून जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवावी आणि परत बसवावी.

पट्टा, ब्रेक आणि टांगणी

मशीन सुरू होताना किंवा वेग घेताना किंचाळल्यासारखा आवाज आला आणि रबर जळल्याचा वास आला, तर मोटर व टब यांना जोडणारा पट्टा घसरत असतो. मागचा पत्रा काढल्यावर किंवा मशीन दोघांनी मिळून जाड सतरंजीवर कलते केल्यावर तो दिसतो. खाली काळी रबरी भुकटी पडलेली असणे ही त्याची दुसरी खूण. पट्ट्यावर भेगा, धागे किंवा चकाकी आली असेल, तर तो बदलावा. तेल किंवा पावडर लावून तो वाचवू नये, तेलाने रबर फुगते आणि घसरण वाढते. नव्या पट्ट्यावर छापलेला क्रमांक जुन्यासारखाच हवा. काही मशीनमध्ये मोटर थेट ड्रमला जोडलेली असते, त्यांत पट्टा नसतोच.

सेमी ऑटोमॅटिक मशीनमध्ये पिळताना सतत करकर येत असेल, तर ब्रेक पाहावा. झाकण उघडताच टब थांबावा म्हणून झाकणाला जोडलेली तार ब्रेक ओढते. ही तार सैल झाली, की ब्रेक फिरत्या चाकाला घासत राहतो. टब न फिरता मोटर नुसती हुंकारत असेल, तर बटण लगेच बंद करावे. टब अडकलेला असतो, कपॅसिटर निकामी झालेला असतो किंवा विजेचा दाब कमी असतो. पावसाळ्यात तिसरे कारणही नेहमीचे. अशी हुंकारणारी मोटर काही मिनिटांत तापून जळू शकते.

वरून कपडे टाकायच्या मशीनचा टब चार कोपऱ्यांतील चार दांड्यांवर लटकलेला असतो. रिकामा टब एका बाजूने खाली दाबून सोडावा. दांड्या धड असतील, तर तो एक-दोनदा हलून थांबतो. तो झोक्यासारखा डुलत राहिला किंवा एका कोपऱ्यात खाली बसलेला दिसला, तर दांड्यांमधील प्रतिरोध संपला आहे. एक दांडी गेली असली, तरी चारही बदलणे शहाणपणाचे, नाहीतर तोल पुन्हा बिघडतो. समोरून दार असलेल्या मशीनमध्ये वर स्प्रिंगा आणि खाली धक्काशोषक असतात. शिवाय ड्रमला वजन देण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात. त्यांचा बोल्ट सैल झाला, तर आतून हातोडा मारल्यासारखा ठोका येतो. बोल्ट आवळल्यावर तो थांबतो.

बेअरिंगची घरघर

सर्वांत महागात पडणारा आवाज हाच आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित राहणाराही हाच, कारण तो महिनोन्‌महिने हळूहळू चढतो आणि घराला त्याची सवय होते. ड्रमचा दांडा ज्या गोळ्यांच्या कड्यांवर फिरतो, त्यांच्यासमोर पाणी अडवणारे रबरी सील असते. सील झिजले, की साबणाचे पाणी बेअरिंगमध्ये शिरते, आतील ग्रीस धुऊन निघते आणि पोलाद गंजते. तेथपासून घरघर सुरू होते.

समोरून दार असलेल्या मशीनमध्ये तपासणी सोपी आहे. प्लग काढून दार उघडावे आणि रिकामा ड्रम हाताने सावकाश फिरवावा. खरखर हाताला जाणवली, तर संशय पक्का होतो. मग ड्रमची वरची कड धरून ती वर-खाली हलवावी. बाहेरचा टब न हलता केवळ आतला ड्रम लचकत असेल, तर बेअरिंग गेले आहे. मागच्या पत्र्याच्या आत गंजाचे तपकिरी ओघळ असतील, तर सीलही गेले आहे.

हे काम घरी करण्यासारखे नाही. त्यासाठी संपूर्ण टब बाहेर काढावा लागतो. परंतु माहिती असलेल्या ग्राहकाची फसवणूक होणे कठीण असते. बेअरिंगच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो आणि ६२०४, ६२०५, ६२०६ हे वॉशिंग मशीनमध्ये नेहमी आढळणारे क्रमांक आहेत. या मालिकेत शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले, की आतील भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ६२०४ चे भोक २० मिलिमीटर, ६२०५ चे २५ आणि ६२०६ चे ३०. ६२०५ चा बाहेरील व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते. नवे बेअरिंग बसवताना सीलही नवेच घ्यावे. जुने सील ठेवून बेअरिंग बदलणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे होय.

घरघर वर्षभर चालू दिली, तर दांडा झिजतो. अशा वेळी ड्रमच्या पाठीवर असलेली तीन पायांची अ‍ॅल्युमिनियमची चौकटही पाहून घ्यावी. साबणाचा थर साचून ती खंगत जाते आणि अखेर तडकते. मग जे काम दोन बेअरिंगांवर भागले असते, त्यासाठी पूर्ण ड्रम घ्यावा लागतो. काही मॉडेलमध्ये बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडून बंद केलेला असतो आणि केवळ बेअरिंग बदलता येत नाही. नवे मशीन विकत घेतानाच हा प्रश्न दुकानदाराला विचारावा.

कारागीर, हमी आणि हिशेब

कारागीर कुडाळहून किंवा सावंतवाडीहून बोलवायचा, तर त्याच्या फेरीचेही मोल असते. त्याला दूरध्वनीवर ‘आवाज येतो’ एवढेच सांगितले, तर तो रिकाम्या हाताने येईल. वहीतील नोंद, मॉडेलचा पूर्ण क्रमांक आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण आधी पाठवले, तर तो योग्य भाग बरोबर आणेल आणि एकाच फेरीत काम होईल. बदललेला जुना भाग परत मागावा. बिलावर ‘दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता भागाचे नाव, क्रमांक आणि त्यावरची हमी लिहून घ्यावी. हमीचे कार्डही नीट वाचावे. जाहिरातीत ठळक दिसणारी दहा वर्षांची हमी पुष्कळदा केवळ मोटरपुरती असते.

दुरुस्ती की नवे, हा निर्णय भावनेवर घेऊ नये. मशीनचे वय, भाग उपलब्ध आहे की नाही आणि दुरुस्तीचा एकूण खर्च या तीन गोष्टी मांडाव्यात. खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे जात असेल आणि मशीनचे बरेच वय झालेले असेल, तर थांबावे. त्याखाली असेल, तर दुरुस्ती बहुधा फायद्याची. दुरुस्तीचा हक्क हा आता सरकारी धोरणाचाही विषय झाला आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे. भाग देण्यास टाळाटाळ झाली किंवा हमी नाकारली गेली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. मशीन खरोखर निकालात निघाले, तर ते भंगारात फेकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वॉशिंग मशीनचाही समावेश आहे, म्हणून ते नोंदणीकृत संकलन व्यवस्थेकडेच द्यावे.

जुनी वस्तू जपून उपयोगात ठेवणे पिंगुळीला नवीन नाही. येथील परशुराम गंगावणे यांनी २००६ मध्ये आपल्या गुरांच्या गोठ्याचेच ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय केले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वडिलार्जित दुकानाचा तराजू तेलपाणी करून पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या व्यापारी घरांनाही हे वेगळे सांगायला नको.

पावसाळ्यातील निगा आणि जयणा

दमट हवेत मशीनचे दार सदैव बंद ठेवले, तर आतील रबरावर बुरशी धरते आणि मुंग्या, झुरळे, पालीची पिले आसरा घेतात. धुणे झाल्यावर दार किंवा झाकण काही वेळ उघडे ठेवून रबराची घडी कोरड्या फडक्याने पुसावी. नंतर दार किंचित फट ठेवून लोटावे. घरात लहान मुले असतील, तर त्यांना आत शिरता येणार नाही अशी व्यवस्था करावी. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू करण्यापूर्वी टबात आणि रबराच्या घडीत पाहावे, बाहेरून हलकी थाप द्यावी आणि क्षणभर थांबावे. आत कोणी जीव असेल, तर त्याला वाट मिळते. तळाची जाळी शाबूत ठेवली, तर उंदीर आत शिरत नाही. उंदराचा जीव वाचतो आणि कुरतडलेल्या वायरीमुळे होणारा धोकाही टळतो. जैन घरांत पाणी गाळताना आणि चूल पेटवताना जी जयणा पाळली जाते, तीच येथे लागू होते.

साबणाची पावडर मापानेच घालावी. अधिक फेसाने कपडा अधिक स्वच्छ होत नाही. पावडरीचा थर मात्र ड्रममागे साचतो, वास येतो आणि धातू खंगतो. महिन्यातून एकदा मशीन रिकामे ठेवून, शक्य असल्यास गरम पाण्यावर, चालवावे. त्याच दिवशी पंपाची गाळणी आणि पाण्याची जाळी धुवावी, पायांची पातळी पाहावी आणि ड्रम हाताने एकदा फिरवून ऐकावे.

या साऱ्याला महिन्याचा अर्धा तासही लागत नाही. खिसे तपासण्याचे काम मात्र रोजचे आहे आणि ते ज्याच्या खिशात नाणी असतात त्यानेच करावे. दुकानातून घरी आल्यावर सदरा खुंटीला लावण्यापूर्वी खिसे उलटे करण्याची सवय पुरुषांनी लावून घेतली, तर मशीनचा निम्मा खडखडाट सुरूच होणार नाही.